दुरुस्तीनंतर पेटलेला नवा दिवा: शोध कुठून सुरू करायचा?

गाडीचं काम होऊन दोन-चार दिवस झाले आणि डॅशबोर्डवर आधी कधी नसलेला दिवा लागला, की माणसं दोनपैकी एका टोकाला जातात. एक तर 'मेकॅनिकनेच काहीतरी करून ठेवलं', नाहीतर 'योगायोग असणार, सेन्सर गेला असेल, बदलून टाका'. पहिल्यात भांडण होतं, दुसऱ्यात धडधाकट सेन्सर बदलले जातात, आणि दिवा तसाच राहतो. कोणता भाग खराब झाला हे दिव्याला ठाऊकच नसतं. अमुक सर्किटमधून येणारी माहिती अपेक्षेप्रमाणे नाही, एवढंच गाडीचं कंट्रोल युनिट सांगतं. कामाच्या वेळी हात कुठे-कुठे गेले होते, ही झाली दुसरी माहिती. या दोन्ही जिथे एकत्र येतात तिथे आधी बघायचं. बहुतेकदा शोध तिथेच संपतो.

आधी ठरवा: गाडी चालवायची का?

ऑईलचा लाल दिवा, तापमानाचा लाल दिवा आणि ब्रेकचा लाल दिवा (हँडब्रेक पूर्ण सोडूनही लागलेला) यांत 'घरी जाऊन बघू' नसतं. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. चेक इंजिनचा दिवा पिवळा असला तरी तो लुकलुकत असेल, तर इंजिन जोरदार मिसफायर करतंय. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि त्याची आतली जाळी वितळवू शकतं. त्यामुळे स्थिर पिवळ्या दिव्यावर जपून गॅरेजपर्यंत जाता येतं, लुकलुकणाऱ्यावर नाही. बॅटरीचा लाल दिवा म्हणजे चार्जिंग बंद. गाडी बॅटरीत जीव आहे तोवरच चालेल. आणि पंख्याचा पट्टा नुकताच बदलला असेल तर तो उतरलाय का हे लगेच बघा, कारण काही इंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो.

ऑईल बदलल्यावर लागलेल्या ऑईलच्या दिव्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण इथे मिनिटभराची चूक इंजिन घेऊन जाते. नवा फिल्टर रिकामा असतो, म्हणून पहिल्यांदा सुरू करताना दिवा काही सेकंद जास्त राहणं स्वाभाविक आहे. पाच-दहा सेकंदांत गेला नाही तर इंजिन बंद. गाडीखाली बघा. जुन्या फिल्टरचं रबरी वायसर इंजिनला चिकटून राहिलं आणि त्यावरच नवा फिल्टर बसवला, तर दोन वायसर एकावर एक येतात. दाब चढला की वरचं निसटतं आणि सगळं ऑईल जमिनीवर येतं. गळती नसेल तर सपाट जागी काही मिनिटं थांबून डिपस्टिक बघा. पातळी बरोबर असूनही दिवा आहे, म्हणजे प्रेशर स्विच किंवा त्याच्या वायरीत दोष आहे किंवा खरोखरच दाब नाही. याचा निवाडा दाब मोजायचं गेज लावूनच होतो, इंजिनाच्या आवाजावरून नाही.

आता जे बिघाड नव्हेत ते बाजूला काढू. पाना दाखवणारा किंवा 'सर्व्हिस' लिहिलेला दिवा बहुतेक गाड्यांत नुसती आठवण असते. काम झालं, पण रीसेट करायचं राहून गेलं. बॅटरी काढून लावली असेल तर ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा), ट्रॅक्शन किंवा पॉवर स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागू शकतो, कारण स्टिअरिंगचा मधला बिंदू गाडी विसरलेली असते. बऱ्याच गाड्यांत इंजिन सुरू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं आणि थोडं अंतर सरळ चालवलं की तो जातो. गेला नाही तर स्कॅनरने (गाडीच्या कंट्रोल युनिटशी बोलणाऱ्या यंत्राने) शिकवावं लागतं. टायर बदलल्यावर लागलेल्या हवेच्या दिव्याचंही तसंच: टायर थंड असताना दाब दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा आणि पुन्हा शिकवा. तरीही दिवा राहिला, तर टायर उतरवताना व्हॉल्व्हला जोडलेला सेन्सर तुटला असण्याची शक्यता मोठी.

बिलात न लिहिलेलं काम

बिलावर बदललेला भाग लिहिलेला असतो. तिथे पोचायला वाटेतलं काय-काय काढलं ते लिहिलेलं नसतं, आणि नवा दिवा बहुतेकदा त्यातूनच येतो. क्लच बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा. त्यासाठी बॅटरी आणि तिचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा, स्टार्टर, रिव्हर्स लाइटचा स्विच, ड्राइव्ह शाफ्ट, बऱ्याच गाड्यांत चाकांजवळच्या एबीएसच्या (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) वायरी, आणि गिअरबॉक्सला बोल्टने बांधलेली अर्थची पट्टी (बॅटरीच्या ऋण टोकाकडे वीज परत नेणारी) हे सगळं हलतं. क्रँकचा (इंजिनाच्या मुख्य दांड्याचा) सेन्सरही अनेक इंजिनांत तिथेच, फ्लायव्हीलजवळ असतो. म्हणून क्लचच्या कामानंतर एबीएसचा दिवा लागला तर 'क्लचचा आणि ब्रेकचा काय संबंध' असं म्हणून सोडून देऊ नका. मेकॅनिकला एकच प्रश्न शांतपणे विचारा: यासाठी काय-काय काढावं लागलं? ती यादी लिहून घ्या.

आणि एक पथ्य. दिवा घालवण्यासाठी बॅटरीची तार काढून ठेवू नका. बहुतेक गाड्यांत त्याने इंजिनाचे कोड (कंट्रोल युनिटने नोंदलेले बिघाडाचे क्रमांक) पुसले जातात, आणि त्यांच्यासोबत सगळा पुरावाही.

स्कॅनर काय सांगतो

निदानासाठीचं १६ पिनांचं सॉकेट डॅशबोर्डखाली, सहसा स्टिअरिंगच्या बाजूला असतं. कोडचं पहिलं अक्षर यंत्रणा सांगतं: पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंग-सस्पेन्शन, बी म्हणजे एअरबॅग आणि बॉडी, यू म्हणजे युनिटांचा आपसातला संवाद. साधा, स्वस्त रीडर बहुधा पी कोडच वाचतो. एबीएस किंवा एअरबॅगचा दिवा लागलेला असताना त्याने 'कोड नाहीत' म्हटलं, तर त्याचा अर्थ त्याने तिथे पाहिलेलंच नाही. तिथे सगळी युनिटं वाचणारा स्कॅनर लागतो.

कोड पुसण्याआधी तीन गोष्टी टिपून घ्या: पक्के कोड, प्रलंबित कोड (एकदा दिसलेले, अजून पक्के न झालेले) आणि फ्रीझ फ्रेम. कोड नोंदला गेला त्या क्षणीचे इंजिनाचे फेरे, वेग, कूलंटचं तापमान, इंजिनावरचा भार असे आकडे फ्रीझ फ्रेममध्ये गोठवून ठेवलेले असतात. इंजिन थंड असताना, आयडलिंगवर (गाडी उभी, पेडलवर पाय नसताना) नोंदलेला कोड आणि गरम इंजिनावर ८० च्या वेगाला नोंदलेला तोच कोड, हे दोन वेगळे बिघाड असू शकतात. लाइव्ह डेटात (स्कॅनरवर त्या-त्या क्षणी दिसणाऱ्या आकड्यांत) 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' आणि 'दिवा लागल्यापासूनचं अंतर' असे दोन आकडेही अनेक गाड्या देतात, आणि त्यांकडे फारसं कोणी बघत नाही. पुसल्यापासूनचं अंतर कामाच्या दिवसाशी जुळत असेल, तर गॅरेजमध्ये कोड पुसले गेले होते किंवा बॅटरी काढली होती हे कळतं. मग आज दिसणारा कोड कदाचित कामाआधीपासूनचा जुनाच असेल, आणि आता फक्त परतला असेल.

दिवा उशिरा का लागतो याचंही उत्तर इथेच आहे. इंजिनाचे बरेच बिघाड एकदा दिसले की प्रलंबित राहतात. पुढच्या फेरीत (गाडी सुरू करून, चालवून, बंद केली की एक फेरी) पुन्हा दिसले तरच दिवा लागतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि पेट्रोलच्या वाफेची गळती यांच्या चाचण्या तर ठरावीक परिस्थिती जुळल्याशिवाय चालतच नाहीत. वाफेच्या चाचणीला बहुधा रात्रभर थंड झालेलं इंजिन लागतं, आणि टाकी ना अगदी रिकामी ना पूर्ण भरलेली. पेट्रोल पंप बदलताना टाकीवरची रबरी रिंग चिमटली गेली, तर मोठ्या गळतीचा पी०४५५ आठवडाभराने उगवू शकतो.

कोडचा नंबर पाहून लगेच भाग मागवू नका, त्याचं वर्णन वाचा. वर्णन साधारण तीन जातींचं असतं.

पहिली जात सर्किटची: 'सिग्नल फार कमी', 'फार जास्त', 'सर्किट तुटलेलं'. दुरुस्तीनंतर ही जात आली, तर कपलर (वायरींचा जोड) निघालेला, अर्धवट बसलेला किंवा वायर चिमटलेली, यावरच पैज लावावी. लाइव्ह डेटा ते पडताळून देतो. तापमानाच्या सेन्सरचा कपलर सुटा असेल तर बहुतेक गाड्या उणे ४० अंश दाखवतात. दोन्ही वायरी एकमेकींना भिडल्या असतील तर १३०-१४० किंवा त्याहून जास्त. मात्र कूलंट सेन्सरचं सर्किट तुटलेलं कळल्यावर काही गाड्या स्वतःच एक काल्पनिक तापमान धरतात आणि पंखा सतत फिरवत ठेवतात, हे लक्षात असू द्या.

दुसरी जात वागणुकीची: 'मिश्रण पातळ', 'मिसफायर', 'क्रँक आणि कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) मेळ नाही'. इथे वायरी बहुधा ठीक असतात आणि गडबड यांत्रिक असते: हवा गळते, पाईप सैल आहे, पट्ट्याचा दात चुकलाय.

तिसरी जात 'संवाद तुटला', म्हणजे यू कोड. त्यात सांगितलेलं युनिट बिचारं बहुधा ठणठणीत असतं. त्याला वीज किंवा अर्थ मिळत नाही. आधी फ्यूज बघा. काम चालू असताना स्पॅनर कुठेतरी टेकून फ्यूज उडणं नवलाचं नाही. चार-पाच असंबद्ध सेन्सर एकदम ओरडायला लागले, तर त्यांचा सामाईक धागा शोधा. अनेक सेन्सर एकाच ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालतात, आणि त्यातला एक शॉर्ट झाला की बाकीचेही खोटे दिसतात. मग एकेक कपलर काढत जा. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो दोषी.

कपलर तपासायची रीत

नुसतं 'लावलेला दिसतो' पुरेसं नाही. इग्निशन बंद करून कपलर पूर्ण काढा. आत वाकलेली पिन, मागे सरकलेली पिन, हिरवट गंज, ऑईल किंवा कूलंट आहे का ते टॉर्चने बघा. पिन मागे सरकली असेल तर कपलर खटकन बसतो, पण पिना एकमेकींपर्यंत पोचत नाहीत. म्हणून मागून प्रत्येक वायर हलकेच ओढून बघायची. रबरी सील वळकटलेलं नाही ना, हे बघा. परत लावताना खटका ऐकू आला पाहिजे, आणि लाल किंवा पिवळी लॉकची पट्टी असेल तर ती पूर्ण आत गेली पाहिजे. ती आत जात नसेल तर कपलर बसलेलाच नाही. जोर लावू नका.

शेजारी-शेजारी एकाच आकाराचे दोन कपलर असतील, तर ते अदलाबदल झाले असू शकतात. वायरीची लांबी आणि तिची नैसर्गिक वळणं पाहिली की कोणती कुठली ते कळतं. वायरिंग आपल्या क्लिपमध्ये परत बसवलंय का, सायलेन्सरला टेकत नाही ना, कुठल्या ब्रॅकेटखाली दाबलं गेलं नाही ना, हेही बघून घ्या. संशय असेल तर इंजिन सुरू ठेवून लाइव्ह डेटा बघत ती वायर हलवा, पंखा आणि पट्ट्यापासून हात दूर ठेवून. आकडा उडाला की जागा सापडली.

कोणत्या कामानंतर काय

एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) किंवा हवेच्या पाईपचं काम झालं आणि मिश्रण पातळ असल्याचा पी०१७१ आला, तर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे युनिट पेट्रोल किती टक्के वाढवतं-घटवतं तो आकडा. निरोगी इंजिनात अल्पकालीन आणि दीर्घकालीन ट्रिमची बेरीज साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांत राहते. आयडलिंगवर ती अधिक २० च्या वर आणि २,५०० फेऱ्यांवर शून्याजवळ येत असेल, तर हवेची गळती आहे: सैल क्लिप, निघालेला व्हॅक्यूम पाईप, नीट न बसलेलं गॅस्केट. उलट फेरे वाढवल्यावर ट्रिम आणखी वाढत असेल, तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर घाण आहे किंवा पेट्रोल कमी पडतंय. तेल लावायच्या फिल्टरला जास्त तेल झालं की ते त्या सेन्सरच्या बारीक तारेवर बसतं. हे गणित हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाड्यांचं. ज्या गाड्या मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा हिशेब करतात, त्यांत अशी गळती बहुधा पातळ मिश्रणापेक्षा वाढलेल्या आयडलिंगमधून दिसते. गळती शोधायला धूर सोडायचं मशीन उत्तम. गरम इंजिनावर ज्वालाग्राही क्लीनर फवारून बघायची पद्धत सर्रास वापरतात; ती आगीला आमंत्रण आहे.

थ्रॉटल बॉडी नुसती साफ केली तरी आयडलिंग वाढून पी०५०७ येऊ शकतो. कचरा जमलेला असताना जेवढी झडप उघडी ठेवायची सवय युनिटला होती, तेवढीच ते अजून ठेवतं. झडप पुन्हा शिकवली की प्रश्न मिटतो.

प्लग किंवा कॉइलच्या कामानंतर मिसफायरच्या पी०३०० ते पी०३०४ यांपैकी काही आलं, तर शेवटचा अंक सिलिंडर सांगतो. शून्य असेल तर अनेक सिलिंडर. पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्याला लावा, बाकी काही हलवू नका. पी०३०१ जाऊन पी०३०३ आला तर कॉइल दोषी. कोड हलला नाही तर प्लग बाहेर काढा: पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी चीर आहे का, गॅप त्या इंजिनाला सांगितल्याएवढा आहे का. प्लग हातातून फरशीवर पडला तरी चीर जाते, आणि ती वरून पटकन दिसत नाही.

टायमिंग बेल्ट किंवा चेन बदलल्यावर क्रँक आणि कॅमचा मेळ नसल्याचा पी००१६ आला, तर सेन्सर बदलत बसू नका आणि गाडी चालवूही नका. खुणा पुन्हा जुळवून बघायला हव्यात. एक दात चुकलेलं इंजिन चालतं, पण नीट नाही. जास्त चुकलं तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

एबीएसचा दिवा हा चाकांच्या कामाचा ठरलेला पाहुणा. तो कधी लागतो हेच अर्धं निदान आहे. इग्निशन चालू केल्या-केल्या लागून राहिला, तर सर्किट तुटलंय: वायर, कपलर, सेन्सर. आधी विझतो आणि गाडी थोडी पळाल्यावर लागतो, तर सर्किट ठीक आहे, पण सिग्नल चुकीचा येतोय. चारही चाकांचे वेग लाइव्ह डेटात बघा. तीन चाकं २० दाखवत असताना एक शून्यावर असेल किंवा उड्या मारत असेल, तर तेच चाक. बेअरिंग बदललं असेल तर मोठा संशय असा, की ते उलटं बसलंय. अनेक बेअरिंगांत एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते, आणि ती सेन्सरकडे यावी लागते. दिसायला दोन्ही बाजू जवळपास सारख्या, त्यामुळे ही चूक चांगल्या हातांकडूनही होते. बसवण्याआधी चुंबकीय क्षेत्र दाखवणारं कार्ड टेकवलं की बाजू कळते. लोहचुंबक मात्र तिथे टेकवायचा नाही. बेअरिंग योग्य बाजूने असेल, तर सेन्सरच्या टोकाला गंजाचा थर आहे का आणि सेन्सर तळाशी टेकलाय का ते बघा. आणि सेन्सर तपासायला सरसकट ओहम मोजू नका. जुन्या पद्धतीच्या, गुंडाळीच्या सेन्सरमध्ये साधारण हजारभर ओहम मिळतात. आजचे बहुतेक सेन्सर वीजपुरवठ्यावर चालतात, त्यांचा ओहमचा आकडा काहीच सांगत नाही.

ब्रेक पॅड बदलल्यानंतरचा लाल दिवा बहुधा तीन कारणांचा: ब्रेक ऑईल खालच्या खुणेखाली, हँडब्रेकचा स्विच सरकलेला, किंवा झीज सांगणारी वायर जोडायची राहिलेली. ती वायर एकदा घासून तुटली की नवीच लागते. पेडल मऊ लागत असेल तर दिव्याचा विचार नंतर. लाइनमध्ये हवा आहे, आणि ती काढल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

सीट काढून बसवल्यावर एअरबॅगचा दिवा लागला, तर सीटखालचा पिवळा कपलर. तो सुटा असताना कोणी एकदा जरी इग्निशन चालू केलं, तरी कोड नोंदला जातो, आणि नंतर कपलर नीट लावूनही बऱ्याच गाड्यांत दिवा आपोआप जात नाही. स्कॅनरने पुसावा लागतो. इथे हात घालण्याआधी बॅटरीची ऋण तार काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, आणि एअरबॅगच्या वायरीला मल्टीमीटर लावू नका.

कूलंटच्या कामानंतर तापमानाचा काटा वर-खाली नाचत असेल आणि हीटर गार हवा देत असेल, तर आत हवा अडकली आहे. समोरची काच बदलली असेल आणि लेन किंवा आपोआप ब्रेकचा दिवा लागला असेल, तर काचेमागचा कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो. तो साध्या गॅरेजचा विषय नाही.

अनेक दिवे एकदम

तीन-चार असंबद्ध दिवे एकत्र लागले की आधी मल्टीमीटर घ्या. काही तास उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.७. नव्या गाड्या चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, म्हणून हेडलाइट लावून मोजा. मग अर्थ: मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण खांबावर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थची पट्टी सैल आहे, गंजली आहे किंवा परत लावलेलीच नाही.

दुरुस्त झालं हे कसं कळणार

कोड पुसला, दिवा गेला, एवढ्यावर काम झालं असं धरू नका. आता ज्या परिस्थितीत कोड नोंदला गेला होता, तीच फ्रीझ फ्रेम बघून पुन्हा घडवा: तोच वेग, तेच तापमान. मग प्रलंबित कोड वाचा. संबंधित चाचणी 'पूर्ण' दिसली पाहिजे आणि प्रलंबित यादी रिकामी. कोड न पुसताही चालतं. बिघाड खरंच गेला असेल तर चेक इंजिनचा दिवा साधारण तीन निर्दोष फेऱ्यांनंतर आपोआप विझतो, आणि इंजिन सुमारे ४० वेळा गरम होईपर्यंत कोड स्मृतीत राहतो.

हे सगळं करूनही कोड हात लागलेल्या जागेकडे बोट दाखवत नसेल, तर योगायोग मानायला हरकत नाही. जुन्या गाडीत तो होतो. गॅरेजकडे परत जाताना मात्र 'तुमच्या कामानंतर दिवा लागला' एवढंच सांगू नका. कोडचा पूर्ण नंबर, फ्रीझ फ्रेमचा फोटो, दिवा सुरुवातीलाच लागतो की चालल्यावर, थंड इंजिनावर की गरम, आणि कामानंतर किती किलोमीटरने लागला, हे कागदावर लिहून द्या.